सुकलालच्या लेकीचा भोपळा

मी एक जुना भोपळा आहे. हसू नका, मित्रांनो. गणित चुकलं की मास्तर तुमच्या पाटीवर माझंच चित्र काढतात, हे मला ठाऊक आहे. प्रकाशा गावच्या घाटाजवळ म्हातारा छगन भोई राहतो. तापीवर त्याची नाव चालते. त्याच्या झोपडीत मी खुंटीला टांगलेला असतो. साल काळी पडली आहे आणि आतल्या बिया हलवलं की खुळखुळतात. येणारेजाणारे छगनला म्हणतात, हे जुनं धूड फेकून का देत नाहीस? छगन वल्हं उचलून नावेकडे निघतो. म्हणून मीच सांगतो.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. पितांबर पाटलांच्या मळ्यात सुकलाल नावाचा सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. त्याच्या बायकोनं, छबूबाईनं, गोठ्याच्या छपरावर वेल चढवला आणि त्या वेलावर मी धरलो. माझी भावंडं एकेक करून कालवणात गेली. मला बियांसाठी राखलं होतं. उन्हात वाळून मी हलका आणि टणक झालो. छबूबाईच्या मनात माझा पाण्याचा तुंबा करायचा होता.

सुकलालला एकच लेक होती, गजरा. सात-आठ वर्षांची असेल. त्या वर्षी जत्रेत तिनं पत्र्याची शिट्टी पाहिली आणि बापाकडे पाहिलं. सुकलाल तिला खांद्यावर घेऊन दुकानांच्या मागच्या बाजूनं घरी घेऊन आला. पोर रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही, म्हणून त्याला रात्री भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला छपरावरून उतरवलं. अंबाडीची दोरी वळून माझ्याभोवती जाळी विणली आणि लेकीला म्हणाला, "हाऊ भोपळा तुन्हा. तुले पवाले शिकाडस."

सुकलाल तांबडं फुटायच्या आत मळ्यात जायचा आणि गजरा झोपल्यावर घरी यायचा. बाप तिच्या वाट्याला येई तो फक्त दुपारी, पाटलांचे बैल धुवायला तो तापीवर उतरे तेव्हा. बैल पाण्यात डुंबत, आणि माझ्या पाठीवर हात टाकून गजरा पाय झाडत असे. सुकलाल तिच्या हनुवटीखाली तळवा धरी. "पाय लांब कर, मान वर ठेव," असं सांगत राही. पोरीच्या जातीला पोहून काय करायचंय, म्हणून घाटावरचे लोक हसायचे. हसेनात का. त्या दोघांइतकं सुखी त्या घाटावर कोणी नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पण मित्रांनो, पाण्यावर तरंगणाऱ्याला वरचंही दिसतं आणि खालचंही. गजराचे पाय पाण्यात सपासप चालत. सुकलालचे पाय मात्र वाळूवरून कधी उचललेच जात नसत. तो छातीभर पाण्यात उभा राहून हात मारून दाखवी. तो आला होता कोरड्या गावाकडून. तिथं विहिरीलाच पाणी नव्हतं, तर पोहणार कशात? बैलांकडे आणि भोयांच्या पोरांकडे बघून बघून तो शिकवत होता. गजरा कधी म्हणाली, "बा, त्या तीरले जाई दखाड," की बैल कोण सांभाळील, असं म्हणून तो वेळ मारून नेई. लेकीच्या नजरेत आपला बाप सगळं येणारा असावा, एवढीच त्याची हौस होती.

आणि गजरा? तीही काही कमी नव्हती. उन्हाळा लागायच्या सुमारास माझी दोरी ढिली पडू लागली. तिचा भार माझ्यावर येईनासा झाला. तिला पोहता येऊ लागलं होतं, अगदी मासोळीसारखं. तरी बाप जवळ आला की ती घट्ट मला धरी आणि मुद्दाम गटांगळी खाई. कारण सुकलाल एकदा बोलून गेला होता, ज्या दिवशी तू भोपळा सोडशील त्या दिवशी तुझं शिकणं संपलं. शिकणं संपलं तर दुपार संपली, आणि दुपार संपली तर बाप संपला, असा हिशेब त्या पोरीनं मनाशी केला होता.

दोघांचं गुपित मला ठाऊक होतं. मला तोंड असतं तर!

जेठ महिन्यात एके दिवशी आभाळ अगदी कोरं होतं. नदीच्या मधोमध वाळूचं बेट होतं. गुडघाभर पाणी ओलांडून सुकलालनं बैल तिथं चरायला नेले. बेटाच्या टोकाला डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, उजाड वेल पडले होते. त्यातलं एखादं उरलंसुरलं फळ मिळतं का, हे बघायला गजरा मला काखेत मारून तिकडे गेली. वर बऱ्हाणपुराकडे पाऊस झाला होता, हे इथं कोणाला कळणार? आधी कळलं ते बैलांना. त्यांनी कान टवकारले आणि ते सरळ काठाकडे निघून गेले. छगन काठावरून ओरडू लागला, की पाणी आलं.

बैलाचं शेपूट धरून सुकलाल सुखरूप निघाला असता. तो उलटा फिरला आणि लेकीकडे धावला. तिला उचलून परत येईपर्यंत गढूळ पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. माझ्यासारख्या एका भोपळ्यावर दोन जीव तरत नाहीत. त्यानं मला गजराच्या कमरेला बांधलं आणि गाठीवर गाठ मारली.

"तू पुढे जाय," तो म्हणाला. "मांगे दखू नको. मी येस."

गजरा निघाली. ती मागं का बघेल? तिच्या बापाला पोहता येत होतं ना! ती धारेला तिरकी तिरकी कापत गेली आणि मी नुसता तिच्यामागं फरफटत गेलो. मित्रांनो, मी खरंच सांगतो, तिला माझी काही गरज नव्हती. छगननं कमरेइतक्या पाण्यात शिरून तिला वर ओढलं. मग त्यानं नावेकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, आणि नाव सोडली नाही. त्या धारेत कुठलीच नाव टिकली नसती.

गजरा काठावर बसून राहिली. छबूबाई ऊर बडवत आली, तिचं रडणं ऐकून माणसं जमली. पण गजरा रडेना. जो येईल त्याला ती एकच सांगे, "मन्हा बाले पवता येस. तो येई."

शेवटी छगन तिच्याजवळ खाली बसला. सुकलाल नावेत बसला की दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून ठेवायचा. पोरीला सांगू नको, असं त्यानं छगनला बजावलं होतं.

छगन म्हणाला, "तुन्हा बाले पवता येत नही व्हतं, माय."

गजरानं माझ्याकडे पाहिलं. नखांनी, दातांनी तिनं त्या गाठी सोडल्या. मग काठाशी धावत जाऊन तिनं मला पुरात लांब फेकलं आणि म्हणाली, "बा, घे."

मी तरंगलो. मला तेवढंच येतं. दोन दिवसांनी खाली बाभळीच्या झुडपात अडकलेला मी छगनला सापडलो. सुकलाल कोणालाच सापडला नाही. छगन मला परत द्यायला गेला, तेव्हा गजरानं मला हात लावला नाही. ती पुढं कधी नदीवरही आली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. माझं काय, मी खुंटीला बरा आहे. तुम्ही आज घरी जाऊन वडिलांना एवढंच विचारा, "बाबा, तुम्हाला काय येत नाही?" ते टाळतील. पुन्हा विचारा. आणि तुम्हाला जे नवं येऊ लागेल ते त्यांना त्याच दिवशी दाखवा. आपला खेळ संपेल म्हणून भिऊ नका. गजराला पोहताना पाहून सुकलाल हरखला असता, आणि दुसऱ्या दुपारी त्यानं नवा खेळ काढला असता.