दुधावरचा पहारा

नवरा परदेशी जहाजावर सेकंड ऑफिसर, डॉलरमध्ये पगार, म्हणून तंजावुरात वरलक्ष्मीचा हेवा करणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या. त्यातल्या एकीनं तरी हा नवरा आठवडाभर सांभाळून दाखवावा, असं तिला वाटे. श्रीकर रजेवर घरी आला तो जणू झोपायलाच. जेवता जेवता झोपे, न्हाव्याच्या खुर्चीत झोपे. मोठ्या देवळात नेला, तर नंदीपाशी खांबाला टेकून झोपला. घरी पाहुणे आले की सासरे सांबशिवरावांच्या सांगण्यावरून ती त्याला हलवून उठवी आणि ते त्याला जपानच्या गोष्टी सांगायला लावत. दोन वाक्यांत त्याची मान पुन्हा खाली. वरलक्ष्मीला मेल्याहून मेल्यासारखं होई.

त्या सकाळी कॉफीचं दूध गॅसवर ठेवून ती फुलवालीकडे दाराशी गेली. "तेवढं दूध पाहा हो," असं बजावून गेली. परत येते तो दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, स्वयंपाकघरभर गॅसचा वास, आणि श्रीकर ओट्यापुढे ताठ उभा. डोळे टक्क उघडे.

तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग तोंडाचा पट्टा सोडला. "डोळे आहेत की बटणं? घरातल्या सगळ्यांस मारायचं होतं का?"

तो दचकला. "झोप लागली."

"उघड्या डोळ्यांनी?"

"जहाजावर नेहमी लागते. कंपनीनं माणसं कमी केली. दिवसभर माल उतरवायचा आणि तसंच पहाऱ्यावर उभं राहायचं. गेल्या खेपेस जहाज हाकायच्या खोलीत असाच काचेपुढं उभा होतो. भान आलं तेव्हा मच्छीमारांची होडी अगदी पुढ्यात. कशीबशी चुकवली. तीतला माणूस ओरडत होता. त्याचे दात दिसले मला."

वरलक्ष्मीचा राग जागच्या जागी थिजला. तिला होडीतल्या त्या माणसासाठी भीती वाटली, आणि नवऱ्यासाठीही.

तेवढ्यात सांबशिवराव दारात आले. जन्मभर सरकारी नोकरीत एक रजा न घेतलेला माणूस. "काल मद्रासहून कंपनीच्या एजंटाचा फोन आला होता. कोणी आजारी पडलाय. ह्यास रविवारीच जहाजावर जायचंय. मी हो म्हटलं."

"अजून निम्मी रजा उरलीये, मामंजी."

"वरच्यांस नाही म्हणायची रीत आमच्या घरात नाही."

श्रीकर पिठाच्या डब्याला टेकून खाली बसला होता, आणि बसल्या जागी झोपलाही होता.

बाहेर फोन वाजला. "तिकिटाचा असेल," सांबशिवराव म्हणाले. "उठव त्यास."

इतके दिवस हेच तर ती करत आली होती. ती सासऱ्यांच्या शेजारून बाहेर गेली आणि तिनंच फोन उचलला.

"ते झोपलेत," ती तमिळमध्ये म्हणाली.

उठवा, अर्जंट आहे, असं पलीकडून आलं.

"उठवणार नाही. रविवारी येणारही नाहीत. रजा पुरी झाली की पाहू." तिनं फोन ठेवला.

सांबशिवरावांचा चेहरा लाल झाला. "नोकरी जाईल त्याची! कळतं का तुला काही?"

"कळतं," वरलक्ष्मी म्हणाली. आत येऊन ओटा पुसायला तिनं फडकं घेतलं आणि पातेलं अलगद उचललं. "मामंजी, जरा हळू बोला."