खंडबाहूचे तीन हात

मी 'चतुर्भुजांचा ग्रह' या चित्रकथामालेचा सतरावा अंक बोलतोय. पानं बत्तीस, रंग चार, आणि मला नीट वाचणारं माणूस चाळीस वर्षांत एकच. बाकीच्यांबद्दल बोलायला लागलो तर माझ्या पाठीच्या दोन पिनाही निखळतील, पण आज बोलणार आहे. फक्त आधी एक विनंती करतो. थुंकी लावून पान उलटू नका. नवव्या पानाच्या कोपऱ्यावर निदान पन्नास माणसांच्या थुंकीचा थर आहे.

लोक मला परग्रहावरचा समजतात. अहो, कसला परग्रह! माझा बांबू गडचिरोलीच्या जंगलातला, कागद बल्लारपूरचा, छपाई नागपूरची. अंगाने मी अस्सल इथला आहे. वर हिरवी शाई चढवली म्हणून कोणी परका होत नाही.

माझ्या चित्रकाराचा मला विशेष राग आहे. त्याचा हात चांगला होता, पण आळस दांडगा. ज्याला शूर दाखवायचं त्याला भरदार छाती द्यायची आणि ज्याला दुष्ट दाखवायचं त्याचं काहीतरी तोडायचं. कधी डोळा, कधी पाय, कधी हात. एवढं केलं की स्वभाव वगैरे रंगवायचे कष्ट वाचतात.

माझ्या पोटातली गोष्ट अशी. एका ग्रहावर हिरव्या योद्ध्यांची जात राहते. प्रत्येकाला चार हात, दोन सुळे आणि राग नाकाच्या शेंड्यावर. बाळ जन्मलं की त्याचं तोंड बघायच्या आधी हात मोजतात. त्यांचा कायदा नवव्या पानावर ठळक छापलाय: 'ज्याचा एकही हात गेला, त्याने गादी सोडावी.' तिथेच खंडबाहू आहे. त्याचा चौथा हात कोपरापाशीच संपतो, म्हणून त्याला गादीवरून उतरवून हाकलून दिलेलं असतं. मग पृथ्वीवरून कप्तान रणजित येतो, खंडबाहूला कड्यावरून ढकलतो आणि सगळे त्याला खांद्यावर घेऊन नाचतात.

आता तुम्हीच बघा. खंडबाहूला धडधाकट तीन हात आहेत. कप्तानाला दोन. तरी तीनवाला अपुरा आणि दोनवाला नायक! हा हिशेब चाळीस वर्षांत कोणाला खटकला नाही. सगळ्यांना तलवारी हव्या असतात. शिवाय त्या खंडबाहूला पूर्ण अंकात एकही वाक्य दिलेलं नाही. दर वेळी फुग्यात नुसतं 'हा हा हा'. घरातून हाकललेला माणूस एवढा कशाला हसेल?

मला विकत घेतलं लटारूभाऊंनी. ते राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत कामाला होते. गावी निघाले की बल्लारपूर स्टेशनावर गाडीची वाट बघण्यात त्यांचा अर्धा दिवस जायचा. अशाच एका लेट गाडीच्या कृपेने मी त्यांच्या पिशवीत आलो. त्यांनी माझ्याने वारा घेतला, माझ्यावर फुटाणे ठेवून खाल्ले, आणि मग एकेक अक्षर लावत मला मोठ्याने वाचलं. ते वाचायचे छान. फुटाण्याचं मीठ मात्र अजून माझ्या मधल्या पानात आहे.

खाणीतून निवृत्त होऊन भाऊ सावली तालुक्यातल्या आपल्या गावी परतले आणि मीही आलो. तिथे त्यांची नात जन्मली. संघप्रिया. तिचा डावा हात कोपरापर्यंतच होता. घरात त्याचं कोणी काही केलं नाही. पोरगी उजव्या हाताने आणि डाव्या कोपराने विहिरीचं पाणी ओढायला शिकली, सायकल शिकली, भांडायलाही शिकली.

घात केला तो मी. म्हणजे मी नाही, शेजारच्या प्रफुलने, पण माझ्यामुळे. तो दहा वर्षांचा आणि ती सात-आठ वर्षांची असेल. ओसरीवर दोघं मला वाचत होते. नववं पान आलं. प्रफुलने खंडबाहूच्या तुटक्या हातावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे पाह्य, तूच हाय."

झालं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत खंडबाहू झाली आणि आठवड्याभरात खंडबाहूची खंडू. पोरांचं सोडा, ज्यांनी मला डोळ्याने पाहिलं नव्हतं त्या बायाही पाणवठ्यावर तिला खंडू म्हणायला लागल्या. किराणावाला खंडू म्हणाला, पोस्टमन म्हणाला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं म्हणे. हे वाक्य ऐकलं की माझ्या पानापानाला वाळवी लागल्यासारखं होतं. मनात वाईट नसताना माणसं जेवढं करून ठेवतात, तेवढं माझ्या चार हातांच्या सैन्यालाही जमलं नाही.

लटारूभाऊंना कळलं तेव्हा त्यांनी प्रफुलला काही म्हटलं नाही. मला उचललं आणि ट्रंकेत कोंडलं. चूक पोराची, शिक्षा मला! दहा वर्षं मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होतो. एका उंदराने माझा वरचा कोपरा खाल्ला. तेवढाच काय तो वाचक त्या काळात भेटला.

मला बाहेर काढलं ते संघप्रियानेच. तेव्हा ती सावलीच्या कॉलेजात जायला लागली होती. मला वाटलं, आता चुलीत जातो. खरं सांगतो, जायला माझी हरकत नव्हती. पण ती खिडकीपाशी बसली आणि पहिल्या पानापासून मला वाचलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नवव्या पानावर थांबून तिने बोटाने मोजलं आणि लटारूभाऊंना हाक मारली.

"आबा, याले तं तीन हात हायेत."

भाऊंनी चष्मा लावला, मोजले आणि म्हणाले, "हो का? म्या तं कधी पाह्यलंच नाई." धन्य! हा माझा मालक.

तेव्हापासून मी तिच्या पुस्तकांत राहिलो. गावाने मात्र तिला खंडू म्हणणं सोडलं नाही. तसं म्हणू नका, असं ती एकदोघांना सांगून बघायची. ते हसायचे, हो म्हणायचे आणि जाता जाता म्हणायचे, येतो मग खंडू. मग तिने सांगणं बंद केलं.

आता गेल्या वर्षीची मंडई. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, आणि दुपारी दंडार होते, म्हणजे नाचगाण्यासह गावाचं उघड्यावरचं नाटक. दंडारीच्या मंडळाचा कर्ताधर्ता आता प्रफुल. त्याला नवीन काहीतरी करायचं होतं. एवढ्या वर्षांनी त्याला कोण आठवलं? मी.

तो मला मागायला आला. संघप्रियाने मला दिलं, पण सोबत तीही तालमीला गेली. प्रफुल स्वतः चार हातांचा सम्राट झाला. पोरांनी हिरव्या लेगिन्स आणल्या, त्यांच्या पायांत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, कोंबली आणि ते पाय काखेखाली हात म्हणून बांधले. चित्रकाराने हे पाहिलं असतं तर धंदा सोडला असता. खंडबाहू कोण होणार, हा प्रश्न आला तेव्हा प्रफुल अगदी मोकळ्या मनाने तिला म्हणाला, "तूच कर ना. तुले काई बांधाचीबी गरज नाई, जशी हाय तशीच चालते."

तालीम थांबली. मी तेव्हा निकेशच्या हातात होतो. तो चष्मिस पोरगा दंडारीत मागून वाक्यं सांगणार होता. त्याच्या अंगठ्याला घाम आलेला मला कळला. सगळे संघप्रियाकडे पाहत होते. ती आता रडेल किंवा निघून जाईल असं मला वाटलं, आणि जायलाच हवं होतं असंही वाटलं. गावासमोर एकदा खंडबाहू होऊन उभी राहिली की ते नाव मरेपर्यंत चिकटणार, हे तिला कळत नव्हतं थोडंच?

ती म्हणाली, "करतो. पण पुस्तकात त्याले तीन हात हायेत. माहा एक पुरा हाय. दोन बांधून दे."

प्रफुलने मला निकेशच्या हातातून ओढून घेतलं आणि मोजले. मग तणस भरायला बसला.

मंडईच्या दिवशी दंडार आखरावर होती. आखर म्हणजे गावची गुरं गोळा होतात ती मोकळी जागा. बैल नेहमीच्या खुंट्यांना बांधलेले, अलीकडे माणसं बसलेली, मध्ये प्रफुलचं सिंहासन म्हणजे प्लास्टिकची खुर्ची. इथे या शहाण्यांनी काय केलं होतं ते ऐका. जुनी तणस संपत आली होती म्हणून हातांत भरली ती नव्या धानाची. कालच झोडपलेली, गोड वासाची. आणि सम्राटाची खुर्ची ठेवली बैलांना पाठ करून. धान पिकवण्यात जन्म गेलेल्या गावाला हे सुचू नये? कप्तान रणजित तर आदल्या रात्रीच तापाने पडला होता, म्हणून त्याची कामं गाळून दंडार सुरू झाली होती. एकूण तयारी ही अशी.

सम्राटाने आपला कायदा खणखणीत म्हणून दाखवला. 'ज्याचा एकही हात गेला, त्याने गादी सोडावी!' लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आवाजात लटारूभाऊंच्या तांबड्या बैलाने मान लांब केली आणि सम्राटाचा डावा खालचा हात तोंडात धरला. प्रफुलला वाटलं, मागून कोणी पोरगा खोडी काढतो. त्याने हिसका दिला. हात सुटून बैलाकडे गेला. दोन्ही हात एकाच दोरीने बांधलेले असल्यामुळे उजवाही पाठोपाठ गेला. बैल शांतपणे लेगिन्स फाडून खायला लागला.

आखरावर असा हशा उसळला की पाहुणे दुकानं सोडून धावत आले. प्रफुल दोन हातांनी खुर्चीत बसून राहिला. त्याने निकेशकडे पाहिलं. निकेश माझी पानं उलटतोय, पुढे, मागे, परत पुढे. अरे गाढवा, बैलाचं पान माझ्यात कुठून असेल?

तेवढ्यात खंडबाहूची पाळी नसताना संघप्रिया पुढे आली. ठरल्याप्रमाणे तिने हसायचं होतं, हा हा हा. ती हसली नाही. हशा ओसरेपर्यंत उभी राहिली.

"महाराज, मोजा," ती म्हणाली. "तुमचे दोन, माहे तीन. कायदा तुमचाच हाय."

लोक पुन्हा हसले. कोणीतरी मागून ओरडलं, "उतर प्रफुल, आता खंडू राजा!" प्रफुल उठायला लागला. तिने त्याला हाताने थांबवलं.

"गादी तुमच्यापाशीच ठेवा. मले फक्त नावानं बोलवा."

निकेशने पान उलटणं सोडलं. हे वाक्य माझ्यात नव्हतं, त्याचं उत्तरही नव्हतं. प्रफुल सम्राटाच्या मुकुटात, गालावर हिरवा रंग ओघळत, तिच्याकडे बघत राहिला. मला दहा वर्षांचं ते पोरगं आणि त्याचं ते बोट आठवलं. मला वाटलं, हा आता काहीतरी विनोद करून सुटणार. अशा वेळी माणसं विनोदच करतात.

प्रफुल म्हणाला, "संघप्रिया."

आवाज सम्राटाचा नव्हता, बराच बारीक निघाला. तिने मान डोलावली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. त्या दिवशी कड्यावरून कोणी कोणाला ढकललं नाही. ढकलायचं कोणी, हेच कोणाला सुचलं नाही. थोड्या वेळाने पोरांनी टिपऱ्या काढल्या आणि नाच सुरू केला.

लगेच सगळं गाव सुधारलं असं समजू नका. किराणावाला अजून खंडू म्हणतो आणि जीभ चावतो. पोस्टमन तर जीभही चावत नाही. पण प्रफुल तिला नावाने बोलावतो, आणि पाण्यावरच्या बाया एकमेकींना दटावतात. लटारूभाऊ बैलाला रोज जास्तीची पेंढी टाकतात आणि म्हणतात, माह्या घरात खरा अक्कलवाला हाच.

मंडईनंतर संघप्रियाने एक दुपार मला घेऊन निळ्या पेनाने काम केलं. पुढे नागपूरहून एक गृहस्थ आले. त्यांना म्हणे माझ्यासारखे जुने अंक जमवायचा नाद आहे. दंडारीच्या फोटोत त्यांनी मला पाहिलं होतं. त्यांनी हातमोजे घालून मला उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी थुंकी न लावता माझी पानं उलटली, सुख वाटलं. शेवटच्या पानावर येताच त्यांनी कपाळाला हात लावला. पेन लावून वाट लावली, म्हणाले, नाहीतर काचेच्या कपाटात ठेवला असता. आणि निघून गेले. त्या पानावर काय लिहिलंय ते वाचण्याची तसदी त्यांनीही घेतली नाही. माझ्या नशिबी वाचक असेच.

तुम्ही तरी वाचा. बत्तिसावं पान, उजवीकडचं चित्र. खंडबाहू कड्यावरून पडतोय, तिन्ही हात हवेत. फुग्यातलं 'हा हा हा' खोडलंय आणि खाली निळ्या शाईत लिहिलंय, 'मले नावानं बोलवा.'

बोलावलं असतं हो. चाळीस वर्षं तो माझ्या पोटात आहे, पण खंडबाहू हे त्याच्या तुटक्या हाताचं नाव, त्याचं स्वतःचं काय ते माझ्यात कुठेच छापलेलं नाही.