विचारायचं नाही

"कुठून आलीस गं?" एवढंच मी विचारणार होते. पहिला शब्द तोंडातून निघतोय तोच मावशीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की हातातला पेला मी त्या नव्या बाईच्या अंगावरच सांडणार होते.

"बस इथं. पाणी पी," मावशी तिला म्हणाली आणि मला कोपऱ्यात ओढलं. "किती वर्षं स्वयंपाक करतेस इथं? तोंडाला कधी झाकण बसणार तुझ्या?"

आसरा शोधत येणाऱ्या बायकांसाठीच्या आमच्या या घराचा नियमच आहे तो. दीडशेएक वर्षांपूर्वी ज्यांनी हे घर बांधलं, त्यांना आम्ही थोरल्या बाई म्हणतो. बायकांना शिकू द्या, त्यांच्या नावावर घरदार होऊ द्या, असं त्या जन्मभर लिहीत राहिल्या आणि लोकांच्या शिव्या खात राहिल्या. ते लिखाण मी वाचलेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण त्यांचं एक सांगणं आम्हा सगळ्यांना पाठ आहे. बाई जन्मभर बापाला, नवऱ्याला, दिराला जबाब देत असते. निदान या दारात तरी तिला कुणी काही विचारू नये. ती आपणहून सांगेल तेवढंच ऐकायचं.

मावशी या नियमाला जिवापाड जपायची. दार तिच्याकडेच. ऐन विशीत तीही अशीच एकटी आली होती म्हणे. का आली, कुणाला ठाऊक नाही. मलाही नाही, आणि मी तिच्या शेजारच्या खाटेवर झोपते! संस्थेच्या सेक्रेटरीबाई दर मीटिंगला म्हणायच्या, "मावशी, काळ बदललाय. आल्या आल्या चार प्रश्न विचारले तर बिघडलं कुठं?" मावशी म्हणायची, "मग बाहेरची पाटी बदला. पोलीस चौकी लिहा."

तर ही नवी बाई. तिशीची असेल. ओठ फुटलेला. जेवायला बसली की अर्धा पाव रुमालात बांधून ठेवायची आणि खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत राहायची. मी भांडी घासायला लागले की माझ्यामागे येऊन थांबायची, मी वळले की निघून जायची. शेवटी मी मावशीला गाठलं.

"मावशी, हिला काहीतरी बोलायचंय गं. विचार ना एकदा."

"बोलायचं असेल तर बोलेल."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नाही. निदान तिच्या जिभेवर तरी तिची सत्ता राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची खाट रिकामी होती. पांघरुणाची घडी नीट घातलेली. आमचं दार आतून कुणालाही उघडता येतं, तीही थोरल्या बाईंचीच इच्छा.

आठवड्याभराने नर्स आली. आमच्या बायकांना तपासायला येते ती. आल्या आल्या खुर्चीत बसली.

"तुमच्याकडची ती बाई आमच्या वॉर्डात होती. जिन्यावरून पडली म्हणून नवऱ्याने आणली. कसला जिना नि कसलं काय! काल गेली बिचारी. लहान मुलगी घरी राहिली होती, तिला आणायला तुमच्याकडून परत गेली होती."

"अगं, पण आमच्याशी एका शब्दाने बोलली नाही!" मी म्हणाले.

"मीही तेच विचारलं तिला." नर्स मावशीकडे बघत नव्हती. "म्हणाली, पोरीला टाकून आले हे आपणहून कुठल्या तोंडाने सांगू? कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मुलगी आता आत्याकडे होती म्हणे. मावशीने तेवढं विचारून घेतलं आणि ती दाराशी जाऊन बसली. माझं मात्र डोकं फिरलं. मी बाहेरच्या खोलीत थोरल्या बाईंच्या फोटोसमोर उभी राहून त्यांना नाही नाही ते बोलले.

"त्यांना बोलू नकोस," मावशी दारातून म्हणाली. "हे दार नसतं तर मी कधीच विहिरीत गेले असते."

त्यानंतर कित्येक दिवस मावशी नीट जेवली नाही. मीटिंगला सेक्रेटरीबाईंनी प्रश्नांचा विषय काढला, तेव्हा पोलीस चौकीचं नावही तिने काढलं नाही.

मग एका दुपारी एक पोरगी आली. अगदीच कोवळी, हातात एक पिशवी. मावशीने तिला बसवलं, पाणी दिलं. मी शहाण्यासारखी गप्प उभी होते. आणि मावशीच म्हणाली, "बाळ, मागे कुणी राहिलंय का तुझं?"

पोरगी दचकलीच. पेला खाली ठेवून तिने पिशवी उचलली आणि दाराकडे बघितलं. मी मनात म्हटलं, गेली ही आता.

मावशीने तिला अडवलं नाही. ती हळूच उंबऱ्याजवळ खाली बसली, वाट मोकळी सोडून.

"माझा राहिला होता," ती म्हणाली. "मुलगा. रांगायचा. इथं मला कुणी विचारलं नाही. वाटायचं, बरं झालं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि रोज वाटायचं, आज कुणीतरी विचारेल. तुला नको असेल तर सांगू नकोस, पोरी. पण मी विचारलंय."

पोरगी पिशवी छातीशी धरून उभीच होती. इतकी वर्षं मावशीच्या शेजारी झोपले, जगाच्या उचापती केल्या, आणि हे कधी विचारलं नाही? मी हात पुसत जाऊन मावशीला चिकटून बसले.

"नाव काय गं त्याचं?" मी विचारलं.

मावशीने तोंड उघडलं, पण नाव काही लगेच बाहेर आलं नाही.