हॉर्नमधले अप्पा

बाळीवेशीतल्या त्या अंगणात सोमवारी पाय ठेवायला जागा मिळत नसे. मधोमध झेंडूच्या हारांत गुदमरलेली एक जुनी काळी फटफटी. दिव्याच्या काचेवर विभूतीचे तीन पट्टे, पुढच्या चाकापाशी नारळांचा ढीग, सीटवर जरीचा खण. शेजारी पाटावर चिमटेबाबा. त्यांच्या हातातल्या लांब लोखंडी चिमट्याचं टोक हँडलवर टेकलेलं आणि डोळे मिटलेले.

"विचारा! विरुपाक्षप्पा आलेत. एकदा वाजलं तर व्हय, दोनदा वाजलं तर न्हाय. जास्ती विचारू नका, मेलेल्या माणसाला लई बडबड सोसत न्हाई."

सारजाबाई पुढे सरकली. "विरुपाक्षप्पा, माझी म्हैस औंदा गाभण ऱ्हाईल का?"

चिमट्याच्या कड्या खुळखुळल्या. पॉं!

"ऱ्हाईल!" गर्दीनं जल्लोष केला.

"रेडा हुईल का पारडी?"

हॉर्न गप्प. बाबांनी एक डोळा उघडला. "बाई, व्हय-न्हायचं इचारा की!"

स्वयंपाकघराच्या दारातून नागरत्ना हे पाहत होती. विरुपाक्षप्पा तिचे वडील, तिचे अप्पा. दुधनीच्या बाजारात तूर खरेदी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. जिवंतपणी घरात "चहा" आणि "दार लाव" यापलीकडे ते फारसं बोलत नसत. मेल्यावर मात्र गावभरच्या म्हशींवर मत देऊ लागले होते.

सुरुवात झाली ती त्यांच्या क्रियेच्या दिवशी. विभूती वाटून दमलेल्या बाबांनी सहज आपला चिमटा फटफटीच्या हँडलवर टेकवला आणि हॉर्न ठणाणला. किल्ली तर आत देव्हाऱ्यात होती! सगळे दचकले. सगळ्यांत उंच उडी बाबांचीच होती, हे नागरत्नानं पाहिलं होतं. पण खाली येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं होतं, की हे सोडून देण्यासारखं नाही.

शंका काढणारेही निघाले. गल्लीतल्या मडिवाळप्पाकडे त्याच कंपनीची नवी कोरी गाडी होती. "माझ्या गाडीला लावा की चिमटा," तो म्हणाला. बाबांनी लावला. हँडलला लावला, टाकीला लावला, चाकालाही लावला. गाडी मुकी. "बघा! गाडी तीच, पर आत आत्मा न्हाई," बाबा म्हणाले. मडिवाळप्पानं तिथंच लोटांगण घातलं आणि शंका मिटली.

मग आत्म्याचा घसा बसू लागला. संध्याकाळपर्यंत पॉंचं घ्यँ व्हायचं, घ्यँचं खर्र. बाबा सांगत, "थकलेत. त्येंना वारं पायजे." मग भगवी कफनी खोचून बाबा स्वतः फटफटीवर बसत आणि अक्कलकोट रस्त्यानं दूरवर चक्कर मारून येत. परतल्यावर आत्मा ठणठणीत. रस्त्यात लोक बाबांच्या धुरालाही हात जोडत.

नागरत्ना बार्शीला शाळेत शिकवत असे. ही गंमत तिनं सोसली असती, सुट्टी संपवून ती परतही गेली असती. पण अव्वाचा, तिच्या आईचा, डोळा होता.

अव्वाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डावा लहानपणीच देवीच्या आजारात गेलेला. उजव्याचं ऑपरेशन अप्पांनीच ठरवलं होतं, जाण्याआधी काही दिवस. आणि आता हॉर्न म्हणत होता, न्हाय.

"नागू, मी तीनदा विचारलं," अव्वा म्हणाली. "तिन्ही वेळा दोनदाच वाजलं. त्येंना न्हाई पटत डोळ्याला सुरी लावलेली."

"त्यांनीच तर डॉक्टर गाठला होता, अव्वा."

"तवा जिवंत होते. आता त्येंना जास्ती कळतं."

अमावास्येला, सोमवारीच, बाबा स्वतः लेप घालणार होते. लिंबाचा रस आणि धुनीची राख, एका उरलेल्या डोळ्यात.

रविवारी अंगण रिकामं झाल्यावर नागरत्ना गाडीपाशी गेली. इतकी पुस्तकं वाचलेली बाई, पण तिनं हळूच विचारलं, "अप्पा?"

गाडी काही बोलली नाही. तिनं थोडी वाट पाहिली. मग स्वतःवरच चिडून हँडलवरचा हार बाजूला केला, आणि उजव्या मुठीजवळ तिला सायकलच्या ट्यूबचा एक फाटका तुकडा दिसला.

तिच्या कानात एकदम अप्पांच्या अंगठीची ट्क-ट्क वाजली. ती लहान होती, टाकीवर पुढे बसायची. हॉर्नचं बटण कधीच तुटून पडलं होतं. अप्पांनी नवं बसवलं नाही. उघडी तार हँडलला टेकणार नाही अशी शेजारी बांधून तिच्यावर ट्यूबचा तुकडा गुंडाळला. समोर गाय आली की ते ट्यूब सरकवायचे आणि बोटातली अंगठी तार आणि हँडल अशी दोन्हींना मिळून टेकवायचे. पॉं! कधी तिलाही वाजवू द्यायचे. बटण तुटलंय एवढंच मागे बसणाऱ्या अव्वाला ठाऊक होतं; अंगठीची करामत तिला दिसायची नाही.

ट्यूब आता सडून फाटली होती. चिमट्याला वाट मोकळी होती.

सोमवारी लेपाची वाटी तयार झाली. अव्वा पाटावर बसली, मान वर करून. नागरत्ना स्वयंपाकघरातून आली ती हातात सांडशी घेऊनच.

"बाबा, आधी मला विचारायचंय. माझे वडील आहेत."

"इचार की पोरी."

ती गाडीजवळ गेली, हार बाजूला केला आणि हँडलवर सांडशी टेकवली. "अप्पा, तुम्ही आहात?"

पॉं!

अंगणात कुजबुज. "तुम्ही नाही आहात?"

पॉं!

"म्हशीला पंख फुटतील?"

पॉं!

कोणीतरी फिस्सकन हसलं. "चिमटेबाबा खरं बोलतात?"

पॉं पॉं!

"सांडशी खरं बोलते?"

पॉं!

बाबा उठून उभे राहिले. "माझीच शक्ती हाय ती! सांडशीत उतरलीय!"

"असू दे," नागरत्ना म्हणाली. तिनं कमरेला खोचलेलं लाटणं पुढे केलं. "आता ह्यात उतरवा."

सगळं अंगण बघत होतं. बाबांनी लाटणं टेकवलं. दाबलं. घासलं. मंत्र म्हणून पोळी लाटल्यासारखं फिरवलं. हॉर्न गप्प.

"लाकडातून वीज जात नाही, म्हणून," नागरत्ना म्हणाली. "ही बघा, बटण तुटलेली उघडी तार. तार आणि हँडल लोखंडानं जोडलं की हॉर्न वाजतो. चिमट्यानं, सांडशीनं, कशानंही."

"आन् मग माझी का न्हाई वाजली?" मडिवाळप्पा ओरडला. त्याला लोटांगण आठवलं असावं.

"तुमची नव्या सालची, काका. तिच्यात हॉर्नची वीज किल्लीतून येते, आणि तार बटणाच्या आत झाकलेली आहे. अप्पांची जुन्या सालची. तिच्यात वीज बॅटरीतून थेट येते. किल्ली देव्हाऱ्यात असली तरी हॉर्न जागाच."

"आन् घसा बसायचा त्यो?"

"बॅटरी उतरायची. गाडी पळवली की डायनॅमो ती भरतो. वारं आत्म्याला नाही, बॅटरीला लागत होतं. आणि पेट्रोल आमचं."

सारजाबाईनं पिशवीतून खुरपं काढलं. "मला बघू दे." पॉं! ती लहान पोरीसारखी हसली. मग मडिवाळप्पानं आपल्या गाडीची किल्ली टेकवली, कोणी डाव, कोणी अडकित्ता. रांगच लागली. प्रत्येकाला आत्मा होऊन पाहायचं होतं. या गोंधळात बाबा कधी गेले ते कोणाला कळलं नाही. घाईत चिमटाही विसरले.

"एवढंच ऐका," नागरत्ना म्हणाली. "डोळ्याचं डोळ्याच्या डॉक्टरला विचारा. म्हशीचं गुरांच्या डॉक्टरला. आणि ज्याचं उत्तर कोणालाच ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असं म्हणायला शिका. त्यात कमीपणा नाही. आमचं माणूस गेलं. गेलेलं माणूस बोलत नाही. आम्हालाही ते हवं होतं, म्हणून ते खरं होत नाही."

हॉर्न घ्यँ झाला, खर्र झाला, आणि बंद पडला. लोक पांगले.

अव्वा अजून पाटावरच होती. तिनं चाचपडत लेपाची वाटी उचलली आणि तुळशीच्या मागे रिकामी केली.

"मी रोज संध्याकाळी विचारायची," ती म्हणाली. "जेवलात का म्हणून. हॉर्न व्हय म्हणायचा."

नागरत्ना तिच्या शेजारी बसली.

अव्वानं हात लांब करून हँडल शोधलं, थंड झालेल्या हॉर्नवरून बोटं फिरवली. "लई दमला आज."

"अव्वा, बॅटरी उतरलीय ती."

"मी बॅटरीचंच म्हणतीया," अव्वा म्हणाली. "उद्या दवाखान्यातनं येताना एक बटण घेऊन ये. तुज्या बापाला जन्मभर सांगून थकले मी."