टाचेखालचा गुडघा

हंबीररावांनी पोरीच्या डाव्या गुडघ्यावर टाच ठेवली आणि अंगाचा सगळा भार टाकला. "आबा!" वर्षाराणी किंचाळली.

"वरडू नगं! शीर दबली की कळ जाती. तालमीत वस्तादानं माझी अशीच घालवली की!"

कसली जातीय? पोलीस भरती दीड महिन्यावर आलेली, आणि जरा पळालं की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुरी खुपसल्यागत व्हायचं. पहाटे आबा स्कूटरवरनं कळंब्याच्या तळ्याभोवती तिच्या मागं. लंगडली की पोटरीवर सपकन काठी. बाप कसला, कसाई! आबा स्वतः पंचविशीपासनं डाव्या पायानं लंगडत होते. त्यांची कुस्ती का सुटली, हे मात्र घरात कुणी विचारायचं न्हाई.

शेवटी ती चोरून मुबशिराकडं गेली. शाळेतली मैत्रीण, आता फिजिओथेरपिस्ट.

"अगं, कुल्ल्यापासनं मांडीच्या बाहेरनं एक पट्टा गुडघ्याखाली येतोय. तो हाडावर दाबला जातोय. तुझा कुल्लाच कमजोर हाय. पळतीस कुठनं?"

"तळ्याला, रस्त्याच्या डाव्या कडंनं. प्रदक्षिणेसारखं. आबा उलटं फिरू देत न्हाईत."

"आणि ती कड उतरती! डावा पाय रोज खाली. वर गुडघाच रगडायचा? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! थोडे दिवस पळणं बंद. कुशीवर पडून पाय उचल. आणि टाच लावून घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी वर्षाराणी अंगणात उजव्या कुशीवर पडून डावा पाय उचलत होती. आबांनी बघितलं आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"भरती तोंडावर, आणि ही लोळतीया!"

पहिली काठी मांडीवर बसली, दुसरी तोंडावर. ओठ फुटला, रक्त आलं. तिसरी तिनं वरच्या वर धरली, हिसकली, आणि आबा फरशीवर आडवे झाले. वर्षाराणीच्या डोळ्यांत खून उतरला होता. तिनं त्यांच्या डाव्या गुडघ्यावर टाच रोवली.

"टाकू भार? टाकू?"

आबांनी दोन्ही हात जोडले. डोळे गच्च मिटलेले.

"नगं वस्ताद! पाय मोडंल! पाया पडतो, वस्ताद!"

वर्षाराणी जागच्या जागी थिजली. मग तिनं टाच काढली आणि काठी भिंतीपलीकडं भिरकावली.

"मोडलाच की, आबा," ती म्हणाली.

हंबीरराव गुडघा दोन्ही हातांत धरून पोरीसमोर ढसाढसा रडले.