चढावरचं टायमिंग

वन्संना एका जागी बसवत नव्हतं. सकाळपासून गॅरेजात नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. खिडकी उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. वहिनी बाकावर वाकून काम करत होत्या आणि दर खेपेला त्यांच्या हातांवर सावली पडत होती.

"वन्सं, उजेडातून बाजूला व्हा, नाहीतर पाना घेऊन मदतीला या."

"मी गाडी चालवते. तिच्या पोटात हात घालत नाही."

खरंच होतं ते. नणंदेनं उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवला होता. अर्धं शहर त्यांचा ओरडा खाऊन क्लच सोडायला शिकलं होतं. वहिनींनी नवऱ्याच्या या गॅरेजात विजेचं काम सांभाळलं. नवरा गेला, गॅरेज बंद पडलं, मागे उरली त्याची जुनी मोटार आणि या दोघी. आता वन्संना काचबिंदू निघाला होता. बाजूचं किती दिसतं ते डॉक्टर उद्या तपासणार होते आणि मगच गाडीचं काय ते सांगणार होते. म्हणून वन्संना ती मोटार आजच टेकडीवर न्यायची होती. मोटारीला मात्र चढ लागला की ठसका लागायचा. डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट इतका खिळखिळा झाला होता की प्लगला ठिणगी वेळेवर मिळेना. भंगारवाल्याकडून तसलाच दुसरा डिस्ट्रिब्यूटर आणला होता.

"हा तरी धड आहे का?"

वहिनींनी शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून पाहिला. जराही डुगडुगला नाही. त्यांना क्षणभर मोह झाला. 'हाही गेलेला आहे' एवढं म्हटलं असतं तर आजचं जाणं आपोआप टळलं असतं. परवाच वन्संच्या हातून डाव्या बाजूचा पेला पडला होता. तो त्यांना दिसलाच नव्हता.

पण हातातल्या वस्तूबद्दल खोटं बोलायला वहिनींची जीभ रेटेना.

"हाडं शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. मग शाफ्टच्या टोकावरचा रोटर पिळून सोडला. तो झटकन मागे यायला हवा होता. आला तो म्हातारा खुर्चीतून उठावा तसा. "सांधे तेवढे धरलेत."

वेग वाढला की आतली दोन वजनं फाकतात आणि ठिणगी थोडी आधी पडते. पण इथं ग्रीस वाळून त्याचा डिंक झाला होता. वहिनींनी सगळं रॉकेलात धुतलं, थेंबभर तेल सोडलं, ठिणगी पाडणारे पॉइंट घासून त्यांच्यातली फट पातीनं मोजून बसवली. शेवटी व्हॅक्यूमच्या नळीला तोंड लावून हवा ओढली आणि भोक जिभेनं दाबून धरलं. आतली पट्टी सरकली आणि तिथंच थांबली. म्हणजे आतला रबरी पडदा फाटलेला नव्हता.

"शी! भंगारातली नळी तोंडात?"

"तुम्ही शिकाऊंच्या शेजारी बसायचात, त्यापेक्षा हे बरं."

वन्सं हसल्या आणि लगेच पुन्हा चालू लागल्या.

दुपारी मोटार सुरू झाली. वहिनींनी डिस्ट्रिब्यूटर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत आवाज जुळवला. इंजिन एका सुरात घुमू लागलं. वन्सं केव्हाच चाकामागे जाऊन बसल्या होत्या.

टेकडीच्या चढावर मोटार चांगली खेचत होती, पण इंजिनातून डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला.

"ठिणगी घाई करतेय," वहिनी म्हणाल्या. "थांबवा, जरा मागे घेते."

"परत येताना घ्या."

"वन्सं, पिस्टन फुटेल!"

वन्संनी वैतागून गाडी कडेला घेतली. तेवढ्यात डावीकडून घंटा खणखणली, कुणीतरी ओरडलं, आणि एक सायकलस्वार बाई खडीवर घसरत गेली. सायकल आडवी झाली. वन्संनी ब्रेक दाबला तो वहिनींची किंकाळी ऐकून.

बाई उठली. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. "डोळे फुटलेत का हो?" ती कडाडली.

"फुटलेत," वन्सं म्हणाल्या. "चूक माझी आहे, बाई."

त्यांनी स्वतः तिचा गुडघा धुतला, सायकलचं हँडल सरळ केलं. ती गेली तरी त्या रस्त्याकडे पाहत उभ्या होत्या. वहिनींनी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटर किंचित मागे फिरवला. स्क्रू दोनदा निसटला.

"मी सकाळीच तुम्हाला थांबवू शकले असते," त्या म्हणाल्या.

"मी ऐकलं असतं?" वन्संनी किल्ली पुढे केली. "तुम्ही चालवा."

वहिनींकडे लायसन्स होतं, पण गॅरेजच्या फाटकाबाहेर त्यांनी कधी चाक धरलं नव्हतं. दर वेळी काहीतरी निमित्त काढलं होतं. आज निमित्त सुचेना.

गाडी हिसका देऊन सुटली.

"क्लच हळू! आरशात बघा! अहो, गिअर आहे तो, वरवंटा नव्हे!"

"ओरडू नका, मला घाम फुटलाय!"

"फुटू दे. पाय काढा ब्रेकवरून."

वळणापुढे चढ आणखी उभा झाला. वहिनींनी दात-ओठ खात पेडल दाबलं. खड्यांचा आवाज आला नाही. मोटार सरळ वर निघाली. वन्संचा आवाज मात्र एकाएकी बंद झाला. वहिनींनी चोरून शेजारी पाहिलं. वन्संनी चेहरा खिडकीकडे वळवला होता आणि पदर डोळ्यांना लावला होता.

"वन्सं?"

"पुढे बघा, वहिनी," त्या ओल्या आवाजात म्हणाल्या. "आणि डावीकडून ट्रक येतोय का तेही तुम्हीच सांगा."