नाळेच्या रोपावरचा मांडव

जरा वाकून आत या. मी मांडव बोलतोय. लग्नाचा नव्हे, रोपांचा. चार बांबू, वर तेलमाडाच्या झावळ्या आणि खाली ऊबेची रोपं. ऊबे म्हणजे जांभळं फळ. निखाऱ्यावर भाजून मक्याच्या कणसाबरोबर दिलं की आमची इग्बो जमातीची माणसं भांडणसुद्धा अर्धं टाकतात.

अकुआबाता आजीनं मला घातलं तेव्हा मी विरळ होतो. चाळणीतून पीठ पडावं तसं ऊन माझ्यातून पडायचं. मग आजीच्या सुनेला दिवस गेले. आमच्याकडे बाळाची नाळ फळझाडाच्या रोपाखाली पुरतात. ते झाड जन्मभर त्या पोराचं. ते जळालं, तर पोराला गावात मूळ नाही म्हणतात.

नातवाला सगळ्यात उंच रोप हवं, म्हणजे तोही उंच होईल, असं आजीनं ठरवलं. सावलीत रोपं भराभर चढतात हे तिनं पाहिलं होतं. तिनं माझ्यावर झावळ्यांचे थर रचले. मीही फुगलो. भर दुपारी कोंबड्या माझ्याखाली रात्र समजून झोपायच्या.

आजीची जाऊ उगोएझे डोकावली. "ताई, रोपं वाढवतेस की दोरे?"

"उंच आहेत म्हणून खुपतात तुला."

"उंच कसली? उजेडासाठी माना ताणतायत बिचारी."

मला ते झोंबलं. खरं होतं ना.

एके दिवशी बोकडानं माझा एक कोपरा खाल्ला. आजीचे गुडघे धरलेले, भोक तसंच राहिलं. त्याखालच्या रोपांची पानं आधी करपली, मग नवी फुटली ती गर्द आणि जाड.

नातू झाला आणि नाळ पुरायचा दिवस आला. आजीनं सगळ्यात उंच रोप अंगणातल्या खड्ड्यात उभं केलं. नाळ ठेवायच्या आतच उन्हानं त्यानं मान टाकली. सुनेनं बाळाला घट्ट धरलं.

आजी गुपचूप माझ्याकडे आली आणि भोकाखालचं बुटकं रोप घेऊन गेली.

"आई, हे तर माझ्या घोट्याएवढंच आहे," सून म्हणाली.

"पोरगा तरी कुठं मोठा आहे?"

नाळ त्याच्याखाली पुरली. दुपारच्या उन्हाच्या बाजूला आजीनं माझीच एक झावळी खोचली. ते रोप छान धरलंय.

आता आजी दर बाजाराच्या दिवशी माझी एकेक झावळी उतरवते. उरलेल्या रोपांना उन्हाची हळूहळू ओळख होतेय आणि मी उघडा पडतोय. शेवटचीही सावकाश काढा, एवढंच मागणं. मग मला चुलीत घातलंत तरी चालेल. मी फार छान पेटतो.